हिवाळ्यात फ्लाय बांधताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

फ्लाय बांधणाऱ्यांकडून दर हिवाळ्यात जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, त्यांची उत्तरे येथे एकत्र दिली आहेत. नवशिक्यांचे प्रश्न आधी आणि अडचणीचे नंतर घेतले आहेत. एखादा मुद्दा दुसऱ्या उत्तरात सविस्तर आला असेल, तर तेथे त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

1. फ्लाय बांधणे म्हणजे नेमके काय करायचे असते?

गळावर दोऱ्याने पिसे, केस, लोकर, तार असे साहित्य आवळून पाण्यातील कीटक, त्याची अळी किंवा लहान मासा यांचा आभास निर्माण करणे, म्हणजे फ्लाय बांधणे. पाण्यावर तरंगते ती ड्राय फ्लाय, पाण्याखालच्या अळीसारखी दिसते ती निंफ आणि लहान माशासारखी पोहते ती स्ट्रीमर, अशी ढोबळ विभागणी सुरुवातीला पुरेशी आहे. ही कला जुनी आहे. मॅसेडोनियातील मच्छीमार गळाला लाल लोकर गुंडाळून त्यावर कोंबड्याची दोन पिसे बसवत, असे वर्णन रोमन लेखक एलियन याने इ.स. 200च्या सुमारास लिहून ठेवले आहे. नवख्यांना एका गोष्टीचे नेहमी आश्चर्य वाटते, ती म्हणजे या ‘बांधण्यात’ गाठी जवळजवळ नसतात. सारे साहित्य दोऱ्याच्या ताणावर धरलेले असते आणि खरी गाठ फक्त शेवटी पडते.

2. हे काम हिवाळ्यातच का करतात?

ब्राउन ट्राउट हा थंड पाण्यातला मासा शरद ऋतूच्या अखेरीपासून हिवाळ्यापर्यंत अंडी घालतो, त्यामुळे अनेक थंड प्रदेशांतील नद्या त्या काळात मासेमारीसाठी बंद असतात आणि संध्याकाळीही लांबलचक असतात. हंगामात बसलेला माणूस आदल्या दिवशी हरवलेली फ्लाय घाईघाईने भरून काढत असतो, तर हिवाळ्यात एकच नमुना सलग डझनभर बांधून पाहण्याची सवड मिळते. हात खरा तयार होतो तो त्या पुनरावृत्तीने. दर वेळी नवा नमुना शोधणाऱ्याकडे वसंतापर्यंत पुष्कळ प्रकार जमतात, पण त्यांतला एकही सारखा उतरलेला नसतो.

3. सुरुवातीला कोणती हत्यारे घ्यावीत?

गळ घट्ट धरणारा व्हाइस, दोऱ्याची रिळे धरणारा बॉबिन, टोकापर्यंत धारदार असलेली बारीक कात्री, पिसे धरण्याचा छोटा चिमटा, लाकडी मुठीत बसवलेली सुई आणि शेवटची गाठ मारण्याचे व्हिप फिनिशर एवढ्यावर पहिला हिवाळा सहज निघतो. गोल फिरणारा व्हाइस सोयीचा असतो, पण आवश्यक नाही. व्हाइसच्या जबड्यांत गळ घट्ट राहणे महत्त्वाचे आहे, आणि जबडे घसरत असतील तर फिरण्याचा काही उपयोग नाही. बॉबिनच्या नळीचे तोंड चिनी मातीचे असलेले बरे, कारण धातूच्या नळीची कड खरबरीत निघाली, तर दोरा तेथेच कातरला जातो. तार आणि पिसांचे जाड कणे कापण्यासाठी जुनी कात्री वेगळी ठेवावी.

पेटीबंद संच टाळावेत, असे माझे मत आहे. त्यांत हत्यारे बेताची असतात आणि कधीही न लागणाऱ्या साहित्याच्या पुड्या भरलेल्या असतात.

4. गळांचे क्रमांक उलटे का वाटतात? 12 क्रमांकाचा गळ 16पेक्षा मोठा कसा?

गळाचा क्रमांक वाढतो तसा गळ लहान होतो. ट्राउटचे गळ बहुधा सम क्रमांकांतच मिळतात: 10, 12, 14 याप्रमाणे. 1 क्रमांकाच्या पलीकडे मात्र मोजणी उलटते आणि 1/0, 2/0, 3/0 असे गळ मोठे होत जातात. ‘2 एक्स लांब’ असे लिहिले असेल, तर त्या गळाची दांडी साधारणपणे दोन क्रमांक मोठ्या गळाइतकी लांब असते. निरनिराळ्या उत्पादकांची मापे तंतोतंत जुळत नाहीत, म्हणून एका नमुन्यासाठी एकच जातीचा गळ वापरावा.

पुढील उत्तरांत वापरलेले शब्द असे: दोरी ओवायचे छिद्र म्हणजे नेढे, सरळ भाग म्हणजे दांडी, वळलेला भाग म्हणजे बाक, आणि टोकापासून दांडीपर्यंतचे अंतर म्हणजे गळाचे तोंड.

5. दोऱ्यावर कधी 8/0 लिहिलेले असते, तर कधी 70 डेनिअर. कोणता घ्यावा?

डेनिअर हे वजनाचे माप आहे. 9,000 मीटर दोऱ्याचे वजन 70 ग्रॅम भरले, तर तो 70 डेनिअरचा. 6/0, 8/0 या जुन्या पद्धतीत शून्ये जितकी अधिक तितका दोरा बारीक, परंतु तिला सर्वमान्य प्रमाण नसल्याने एका उत्पादकाचा 8/0 दुसऱ्याच्या 8/0पेक्षा जाड निघू शकतो. 12 ते 18 क्रमांकांच्या गळांना 70 डेनिअर आणि स्ट्रीमर किंवा केसांच्या कामाला 140 डेनिअर, असे दोन दोरे पुरतात. काळा, तपकिरी आणि ऑलिव्ह या तीन रंगांच्या पलीकडे पहिल्या वर्षी जाऊ नये.

6. पहिली फ्लाय कोणती बांधावी?

वूली बगर. पेनसिल्व्हेनियाचे रसेल ब्लेसिंग यांनी 1967 साली हा नमुना बांधला. मऊ पिसांची शेपटी, जाड लोकरीचे अंग आणि त्यावर अंगभर गुंडाळलेले कोंबड्याचे पीस एवढेच त्याचे घटक आहेत. 8 किंवा 10 क्रमांकाच्या गळावर बोटांना जागा मिळते, चूक झाली तरी ती डोळ्यांना दिसते आणि ओबडधोबड उतरलेला बगरही मासा धरतो.

त्यानंतर फेझंट टेल निंफ घ्यावी. इंग्लंडमधील एव्हन नदीवर राखणदारी करणारे फ्रँक सॉयर यांनी ती दोऱ्याशिवाय, केवळ तांब्याच्या बारीक तारेने बांधली. तीच तार बंधनाचे काम करते आणि वजनही देते. नवशिक्याने मात्र ती आधी दोऱ्याने बांधावी, कारण तार सैल पडली की सगळेच उसवते. तिसरी फ्लाय म्हणून अल ट्रॉथ यांची 1957ची एल्क हेअर कॅडिस योग्य आहे; ती एल्क या मोठ्या हरणाच्या केसांचा पंख असलेली ड्राय फ्लाय आहे. तिच्यातील केसांची अडचण प्रश्न 11मध्ये पाहा. या तीन नमुन्यांत या कलेतील बहुतेक हालचाली येऊन जातात.

7. माझा दोरा सारखा तुटतो. दोरा वाईट आहे का?

क्वचितच. बहुतेक वेळा दोरा गळाच्या टोकाला घासलेला असतो. व्हाइसमध्ये गळ बसवताना टोक बाहेर राहते आणि मागच्या बाजूला वेढे घेताना दोरा नेमका त्यावरून जातो. तसे नसेल, तर बॉबिनची नळी तपासावी: नळीच्या कडेवरून कापसाचा बोळा फिरवला आणि तंतू अडकले, तर कारण सापडले.

तिसरे कारण पिळाचे असते, आणि त्याकडे फारसे कोणी पाहत नाही. बॉबिन हाताने गळाभोवती एकदा फिरवला, की दोऱ्याला एक पीळ बसतो. पन्नास वेढ्यांनंतर सपाट दोरा गोल आणि ताठ होतो, गळावर उंचवटे उठतात आणि तो बारीक साहित्य कापू लागतो. उजव्या हाताने काम करणाऱ्याने अधूनमधून बॉबिन मोकळा सोडून, वरून पाहता, घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने फिरवावा. दोरा पुन्हा पट्टीसारखा सपाट पडतो. हीच गोष्ट उलट बाजूनेही उपयोगी आहे. साहित्य एका जागी घट्ट चिमटायचे असेल, तर पीळ ठेवावा. अंग गुळगुळीत हवे असेल, तर तो काढावा. दोरा तुटेल न तुटेल इतपत किती ताणता येतो, हे पाहण्यासाठी रिकाम्या गळावर तो मुद्दाम काही वेळा तोडून पाहावा.

8. शेवटी नेढ्याजवळ गर्दी होते आणि गाठ मारायला जागाच उरत नाही. काय करावे?

सर्वाधिक येणारा प्रश्न हाच आहे. उत्तर शेवटच्या टप्प्यात शोधले जाते, पण चूक पहिल्याच मिनिटाला झालेली असते. दोरा नेढ्याला चिकटून सुरू केला, की पुढचे सारे साहित्य पुढे सरकते. दोरा नेढ्यामागे एका नेढ्याच्या लांबीइतकी जागा सोडून सुरू करावा आणि ती जागा कशासाठीही वापरू नये. डोळ्यांना ती मर्यादा राहत नसेल, तर तेथे दोऱ्याचे दोन वेढे वेगळ्या रंगाने घालून खूण करावी.

दुसरे कारण जाडी. प्रत्येक साहित्य सहा-सात वेढ्यांनी बांधण्याची सवय लागते, वास्तविक नीट ताणलेले दोन-तीन वेढे पुरतात. तार, पीस, लोकर यांची टोके एकाच जागी कापली तर तेथे पायरी तयार होते. म्हणून तार दांडीच्या पूर्ण लांबीभर बांधत मागे न्यावी आणि बाकीची टोके थोड्या थोड्या अंतरावर कापावीत. अंग जेथे संपते तेथून डोक्याकडे उतार राहिला पाहिजे. एवढे करूनही गर्दी झालीच, तर दोरा मागे न्यायच्या भरीस न पडता शेवटचे साहित्य उलगडून काढावे. नेढ्यात दोऱ्याचे तंतू किंवा शेवटच्या गाठीवर लावायचे वार्निश गेले असेल, तर सुईने ते ओले असतानाच मोकळे करावे. नदीकाठी, गार बोटांनी, वाळलेले वार्निश काढणे फार त्रासाचे असते.

9. लोकर दोऱ्यावर चढत नाही, गोळा होऊन गळून पडते.

घेतलेली लोकर बहुधा जास्त असते. दिसेल न दिसेल इतकी विरळ चिमूट घ्यावी, मग त्यातलीही अर्धी परत ठेवावी. दोऱ्याला मेणाचा हलका हात फिरवून ती चिमूट अंगठा आणि तर्जनी यांमध्ये एकाच दिशेने पिळावी. बोटे पुढे-मागे चोळली, तर बसलेला पीळ उलगडतो. थंडीत मेण कडक होते, म्हणून ते थोडा वेळ मुठीत धरावे. सशाच्या मुखवट्यावरील लोकरीत आखूड ताठ केस मिसळलेले असतात, ते धरायला अवघड जातात. त्यासाठी दोऱ्याची दुहेरी फास करून त्यात लोकर पसरावी आणि मग पीळ द्यावा.

10. ड्राय फ्लायसाठी कोणते पीस निवडावे? माझी फ्लाय दोन फेकींत बुडते.

कोंबड्याच्या मानेची किंवा पाठीची, चमकदार आणि ताठ तंतूंची पिसे घ्यावीत. कोंबडीची पिसे मऊ असतात आणि पाणी शोषतात, म्हणून ती बुडणाऱ्या फ्लायसाठी ठेवावीत. तंतूंची लांबी गळाच्या तोंडाच्या दीड ते दोन पट असावी. पीस वाकवले की तंतू उभे राहतात, ते तसेच गळाशेजारी धरून पाहावे. कण्याच्या बुडाकडचे भुरे, कापसासारखे तंतू काढून टाकावेत आणि थोडा उघडा कणा ठेवून पीस बांधावे, म्हणजे पहिला वेढा उघड्या कण्याचा पडतो आणि तंतू वेडेवाकडे झुकत नाहीत.

बदकाच्या शेपटीजवळील तैलग्रंथीभोवतीची पिसे वापरत असाल, तर फ्लाय बुडण्याचे कारण वेगळे असू शकते. त्यांचे बारीक तंतू हवा धरून तरंगतात आणि नेहमीची तरंगवणारी जेल लावली, की ते चिकटून बसतात. अशा फ्लायला कोरडी भुकटी वापरावी.

11. एल्कचे किंवा हरणाचे केस बांधताना गळाभोवती फिरतात किंवा फार पसरतात.

या केसांच्या आत हवेने भरलेल्या पेशी असतात, त्यामुळे दोरा आवळताच ते दबून फाकतात. जितके पोकळ तितके जास्त फाकतात, म्हणून कॅडिसच्या पंखासाठी कमी फाकणारे एल्कचे केस घेतात आणि केस कातरून घडवायच्या डोक्यासाठी हरणाचे. बांधण्याआधी बुडाची लव कंगव्याने पूर्ण काढावी, कारण ती राहिली तर टोके कधीच सारखी होत नाहीत. मग केस टोके जुळवण्याच्या खास नळीत घालून सारखे करावेत.

बांधताना दोरा टाकायला सुरुवात केल्यापासून डाव्या हाताची पकड सोडू नये. पहिले दोन वेढे सैल टाकावेत, तिसऱ्याला सरळ खाली ताण द्यावा आणि त्याच जागी आणखी तीन-चार वेढे दिल्यावरच बोटे उचलावीत. केस तरीही फिरत असतील, तर खालची दांडी उघडी राहिली आहे; तेथे आधी दोऱ्याचा थर देऊन फ्लायच्या सिमेंटचा (पातळ गोंदाचा) एक थेंब लावावा. हिवाळ्यातल्या कोरड्या हवेत स्थिर विजेमुळे केस नळीला चिकटतात आणि मऊ पिसे हातालाच लागून उडतात. धातूची नळी वापरणे, बोटे किंचित ओलसर ठेवणे आणि खोलीत थोडी आर्द्रता राखणे, हे उपाय पुरेसे आहेत.

12. निंफला पितळी मणी घालावा की टंगस्टनचा?

पितळेची घनता सुमारे 8.5 आणि शुद्ध टंगस्टनची 19.3 ग्रॅम प्रति घन सेंटिमीटर असते. मणी मिश्रणाचे असले तरी त्याच आकारात टंगस्टनचा मणी पितळी मण्याच्या दुपटीच्या आसपास जड भरतो. खोल आणि वेगवान पाण्यासाठी टंगस्टन, उथळ संथ पाण्यासाठी पितळ. 14 क्रमांकाच्या गळाला 2.8 मिलिमीटर, 16ला 2.4 आणि 18ला 2 मिलिमीटर ही मापे सहसा जुळतात. मण्याचे लहान छिद्र नेढ्याकडे असावे. मणी बाकावरून सरकत नसेल, तर गळाचा उलट काटा आधी चिमट्याने दाबून सपाट करावा. शिशाची तार टाळलेलीच बरी. ती विषारी आहे आणि काही पाण्यांवर शिशाला बंदी आहे.

13. यूव्ही रेझिन चिकट राहते आणि डोक्याचे वार्निश घट्ट होते. थंडीमुळे का?

वार्निश घट्ट होते ते अंशतः थंडीने आणि अंशतः द्रावक उडून गेल्याने. बाटली कोमट पाण्यात ठेवून ते पातळ झाले नाही, तर त्याचा योग्य पातळक घालावा. यूव्ही (अतिनील) दिव्याखाली कडक होणाऱ्या रेझिनचा चिकटपणा वेगळ्या कारणाने येतो: हवेतील प्राणवायूमुळे वरचा पातळ थर पूर्ण कडक होत नाही. पातळ थर द्यावा, दिव्याची बॅटरी पूर्ण भरलेली असावी आणि उरलेला चिकट थर अल्कोहोलच्या बोळ्याने पुसावा. रेझिनची बाटली खिडकीत ठेवू नये, कारण हिवाळ्यातले ऊनही ती आतून घट्ट करते.

14. पिसांना कसर लागली आहे. सगळे फेकून द्यावे लागेल का?

सगळे नाही, पण ढिलाई केली तर लागेल. नुकसान उडणारा पतंग करत नाही, त्याची अळी करते. केराटिन हे तिचे अन्न, म्हणून पिसे, केस, लोकर, कातडी यांपैकी काहीच सुटत नाही. पुडीच्या तळाशी साहित्याच्याच रंगाचे वाळूसारखे कण, रेशमी नळ्या आणि मध्येच कुरतडलेले तंतू दिसले, तर तो साठा ताबडतोब वेगळा करावा.

जास्त खराब झालेले टाकून द्यावे. उरलेले हवाबंद पिशव्यांत घालून उणे 18 अंश सेल्सिअस तापमानाच्या फ्रीझरमध्ये दोन आठवडे ठेवावे. बाहेर काढल्यावर पिशवी खोलीच्या तापमानाला येईपर्यंत उघडू नये, नाही तर पिसांवर दव साचते. डांबरगोळ्यांचा परिणाम फक्त बंद डब्यात होतो, त्यांची वाफ आरोग्याला वाईट असते आणि वास फ्लायला वर्षानुवर्षे राहतो, म्हणून मी त्या सुचवत नाही. नवीन आणलेले किंवा भेट मिळालेले प्रत्येक कातडे जुन्या साठ्यात मिसळण्याआधी फ्रीझरमधून काढण्याचा नियम ठेवला, की हा प्रश्न सहसा येतच नाही.

15. रानात पडलेली पिसे उचलून वापरता येतात का?

कायदा प्रत्येक देशात वेगळा आहे आणि ‘पडलेले सापडले’ हा बचाव सर्वत्र चालत नाही. अमेरिकेत 1918च्या स्थलांतरित पक्षी कायद्यानुसार संरक्षित पक्ष्याचे आपोआप गळलेले पीसही जवळ बाळगता येत नाही. जुन्या सॅमन फ्लायमध्ये लागणारी, मेणाच्या थेंबासारखा ठिपका असलेली पिसे भारताच्या द्वीपकल्पातील करड्या रानकोंबड्याची असतात. ती घ्यायचीच असतील, तर पाळलेल्या पक्ष्यांची आणि कागदपत्रांसह घ्यावीत. छापील पर्यायही मिळतात आणि माशाला फरक कळत नाही. दुर्मीळ पिसांचा हव्यास कोठवर जातो, हे 2009 साली दिसले: इंग्लंडमधील ट्रिंगच्या नैसर्गिक इतिहास संग्रहालयातून 299 पक्ष्यांची कातडी चोरीला गेली आणि चोर सॅमन फ्लाय बांधणारा निघाला. शिकारीत किंवा कुक्कुटपालनात कायदेशीररीत्या मिळालेली पिसे वापरता येतात, मात्र ती आधी प्रश्न 14प्रमाणे गोठवावीत.

16. 20 क्रमांकाहून बारीक फ्लाय जमतच नाहीत. काही युक्ती आहे का?

घटक कमी करावेत. हिवाळ्यात मिज (डासासारखे बारीक कीटक) हेच माशांचे मोठे खाद्य असते आणि त्यांच्या नकला 18 ते 24 क्रमांकांत बांधाव्या लागतात. झेब्रा मिजमध्ये दोरा, तार आणि मणी एवढेच असते. जॉर्ज ग्रिफिथ यांच्या नावाच्या ग्रिफिथ्स नॅटमध्ये मोराच्या पिसाचे तंतू आणि ठिपकेदार कोंबड्याचे एक पीस. अंगासाठी पिळ काढलेल्या दोऱ्याचा एकच थर द्यावा (प्रश्न 7). भिंग आणि मागे फिकट एकरंगी कागद यांमुळे निम्मी अडचण दूर होते. डोळे आणि मान आखडत असेल, तर व्हाइस उंच करावा, स्वतः खाली वाकू नये.

17. मी डावखुरा आहे. सूचना उलट वाचायच्या का?

होय. व्हाइस वळवून गळाचे नेढे डावीकडे करावे आणि दोरा डाव्या हाताने आपल्यापासून दूर जाईल असा वरून फिरवावा. मग पिळाची दिशाही उलटते, म्हणून प्रश्न 7मधील बॉबिन घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने सोडावा. साधे व्हिप फिनिशर दोन्ही हातांनी चालते.

18. घरी बांधलेली फ्लाय विकतच्यापेक्षा स्वस्त पडते का?

नाही. एकाच नमुन्यावर टिकून राहणाऱ्याला ती पडू शकते, पण असा माणूस फारसा आढळत नाही.

19. जुन्या, बिघडलेल्या फ्लायचे गळ पुन्हा वापरावेत का?

टोक नखावर हलके टेकवून पाहावे. ते रुतले तर गळ वापरण्यासारखा आहे, घसरले तर नाही. दोरा पात्याने दांडीच्या वरच्या बाजूने, बाकाकडून नेढ्याकडे चिरावा, म्हणजे टोकाला धक्का लागत नाही आणि बोटे पात्याच्या वाटेत येत नाहीत. टंगस्टनचे मणी तर जरूर काढून घ्यावेत. गंजाचा ठिपका दिसला, विशेषतः बाकावर, तर गळ टाकून द्यावा. तो व्हाइसमध्ये टिकतो आणि मोठ्या माशाच्या तोंडात मोडतो. एकदा सरळ झालेला गळ पुन्हा वाकवून वापरण्याच्या फंदात पडू नये.